तारेवर नाव कुठं टाकायचं?

आमच्या चिंचखिंडीतल्या देवळात चार पंखे हायत आन् चारी कायम बंद असत्यात. बिघडलेले न्हाईत. पंखा फिरला की पात्यावरचं नाव वाचता येत न्हाई, म्हणून बंद. 'वडिलांच्या स्मरणार्थ, हस्ते वीरधवल, कोइमतूर' असं दर पात्यावर लाल रंगात लिवलंय. उन्हाळ्यात सप्ता बसतो तवा माणसं पुठ्ठ्यानं वारं घेत्यात आन् मान वर करून नावं वाचत्यात.

विट्यापासनं आटपाडीकडं निघालं की मधी खिंडीच्या पोटात आमचं गाव. रान कोरडं, म्हणून निम्मे पुरुष सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात. कुणी कोइमतूरला, कुणी कोचीनला, कुणी सुरतेला. गलाईवाले म्हणत्यात त्यांना. जत्रंला येत्यात, गळ्यात साखळ्या घालून मिरवत्यात आन् जत्रा पांगायच्या आत परत. पण गावात विटेवर वीट चढते ती त्यांच्याच देणगीतनं, आन् दर विटेवर नाव. बाकड्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. स्मशानातल्या पत्र्यावर सुदिक नाव हाय. जळणाऱ्याला कळाय नगं का, वर सावली कुणाची हाय ते?

मी संयोगिता. घर गावच्या तोंडाशीच, फाट्यावरनं आत वळलं की पयलं. लग्नानंतर साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाला हुते. आमचे हे फौजेत. मग हितं सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आन् नोकरी सुटली. लोक म्हणत्यात सोडली. सोडली न्हाई, सुटली. मुलगा बर्फात ड्युटीवर, तवा सुनेनं घरी बसायचं, हे कुणी बोललं न्हवतं, पण समद्यांना पाठ हुतं. सासूबाईंवर माझा राग न्हाई. त्यांचं नाव मनुबाई, मी आत्ती म्हणती. डावा हात पडलाय, जीभ जरा जड झालीया, पण जिभेची धार हाय तशीच.

अशात पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळायचा योग आला. दवाखान्याची बिलं तपासायची, पगार साताऱ्यापेक्षा बरा, आन् आत्तींना सोडून कुठं जायला नगं. मुलाखत झाली, निवड झाली. अट एकच, घरात दमाचं नेट पायजे. आधी लाइन घ्या, मग आमी एक शेवटची चाचणी घेऊ, आन् ती जिथं बसून काम करणार त्याच घरातनं, त्याच लाइनवर द्यायची. म्हंजे विट्याला जाऊन कुणाच्या तरी हापिसात बसून देऊ म्हणलं तर चालणार न्हाई.

आता आमच्या गावात नेट म्हंजे विश्वजित. आधी त्याची केबल टीव्ही हुती, आता त्याच तारेतनं नेट सोडतो. गावात दुसऱ्या कुणाची तार आली की तिला उंदीर लागत्यात. विश्वजितच्या तारेला मात्र गावातला एक उंदीर तोंड लावत न्हाई. पुण्यात माझी बहीण जेवढ्या पैशात महिनाभर नेट वापरून वर फुकटात शिनेमे बघती, तेवढ्या पैशात हितं पयले आठ-दहा दिवस पान उघडतं. मग उरलेला महिना पडद्यावर नुसतं गोल फिरतं.

मी एकदा भांडले. म्हणलं, "विश्वजित, पावतीवर अनलिमिटेड लिवलंयस ना?"

"व्हय वहिनी."

"मग दहाव्या दिवशी बंद कसं पडतं?"

"आवं वहिनी, अनलिमिटेडला बी कायतरी लिमिट पायजेच की."

ह्या माणसाला कुठल्या शाळेनं पास केलं, देव जाणे. मोबाईलची रेंज म्हणाल, तर आमी पडलो खिंडीत. बोलणं हुतं कसंबसं, नेटला मात्र टाकीवर चढायचं. पंचायतीत सरकारी नेटचा डबा आलाय. आला त्या दिवशी नारळ फुटला, डब्याला हार घातला, फोटो निघाला, आन् मग खराब हू नये म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं. अजून खराब झालेला न्हाई.

आमचे हे तिकडनं व्हिडिओ कॉल लावायचे. तिकडलं चित्र झकास, मागं बर्फाचा कणन् कण दिसायचा. हिकडनं माझं तोंड अडकलेलं. एकदा म्हणले, "अगं, तू तोंड वासून का बसलीस?" म्हणलं, "मी न्हाई वासलं, विश्वजितनं वासलंय."

तर असं हे चाललेलं असताना विट्यासनं वाजिद नावाचा एक पोरगेला माणूस आला. नवीन कंपनीची फायबर लाइन त्याच्याकडं. पंचायतीत बैठक बसली. सरपंच दगडाबाई खुर्चीत, आन् त्यांचा मुलगा सूरज खुर्चीच्या मागं. सही आईची आन् तोंड मुलाचं, असा आमच्या गावचा कारभार. वाजिदनं सांगितलं, "चाळीस घरं द्या, विश्वजितच्या निम्म्यापेक्षा कमी दरात नेट देतो, आन् महिनाभर सारखं चालंल. फक्त फाट्यापासनं गावापर्यंत चर खणायचा खर्च गावानं करायचा."

खर्च म्हणलं की गलाईवाले, हे ठरलेलंच. सूरजनं तिथंच वीरधवलभाऊजींना कोइमतूरला फोन लावला आन् फोन मोठ्या आवाजावर टाकला. भाऊजी म्हणले, "चांगलं काम हाय, करू की. तार कुठनं जाणार?"

"जमिनीखालनं," वाजिद म्हणला. "तीन फूट खाली."

"म्हंजे दिसणार न्हाई?"

"न्हाई ना. दिसली तर कुणीतरी तोडंल."

मग भाऊजी म्हणले, "मग नाव कुठं टाकायचं?"

वाजिद हसला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, दुसरं कुणीच हसत न्हवतं, तवा तो बी गप झाला. मला वाटलं, गेलं. एका नावापायी माझी नोकरी गेली. तार काय पंखा हाय व्हय, पात्यावर लिवायला?

पण आमच्या सूरजचं डोकं असल्या कामाला लय चालतं. म्हणला, "काका, गावात शिरतानाच कमान बांधू. वर मोठ्या अक्षरात 'डिजिटल चिंचखिंडी' आन् दोन्ही खांबांवर संगमरवरात समद्या देणगीदारांची नावं."

झालं! देणग्यांचा पाऊस. तारेचा खर्च एक आन् कमानीचा चौपट. नाकापेक्षा मोती जड म्हणत्यात ते हेच. कमानीवर कुणाचं नाव वर आन् कुणाचं खाली, यावर कोइमतूर आन् कोचीनची जी जुंपली ती दिवाळीतनं पार संक्रांतीपर्यंत. तोवर बिचाऱ्या वाजिदनं चर खणून, तार टाकून घरं जोडली सुद्धा.

काय सांगू तुमाला! पयल्या दिवशी मी नुसती पानं उघडून बंद करत बसले. उघडायचं म्हणलं की उघडायचं. आत्तींच्या डॉक्टरांना व्हिडिओवर त्यांचा हात दाखवला, तर डॉक्टर म्हणले, बोटं जरा वळाय लागलीत. ह्यांच्याशी बोलले, तर हे म्हणले, "अगं, तुझ्या केसात पांढरं दिसतंय." म्हणलं, "तुमाला आत्ता दिसलं, मला दोन वर्सं झाली." तरी रडू आलं मला. कंपनीला कळवलं, लाइन आली. त्यांनी लगेच सोमवार दिला, सकाळी दहाचा. म्हणले, ह्या सोमवारी झालं तर झालं, न्हाईतर जागा दुसऱ्याला.

त्याच सोमवारी कमानीचं भूमिपूजन हुतं. सव्वाअकराचा मुहूर्त. लांबच्या देणगीदारांना घरबसल्या दिसावं म्हणून त्याचं लाइव्ह करायचं ठरलेलं. आमच्या घरासमोरच कमान येणार, मला काय त्याचं! बांधा न्हाईतर पाडा.

शुक्रवारी दुपारी लॅपटॉपवर गोल फिराय लागलं.

मला वाटलं, येईल. तासाभरानं बी येईना. बाहेर जेसीबीचा आवाज. जाऊन बघते तर रस्त्याकडंला पुरुषभर खड्डा, आन् खड्ड्यात तारेची दोन टोकं दोन्ही भिंतींतनं बाहेर लोंबकळतायत. पाहुण्यांना कुदळ मारायचा त्रास नगं म्हणून सूरजनं भूमिपूजनाचा खड्डा आधीच खणून घेतलेला. आन् हितंच का खणला? तर वाजिदनं तार कुठनं गेलीया ते कळावं, कुणी खणू नये, म्हणून पिवळी पट्टी आखून ठेवलेली. सूरज म्हणला, "रेघ आयतीच सरळ आखलेली हुती वहिनी, म्हणलं हितनंच घ्यावं."

माझ्या तोंडातनं काय काय निघालं ते हितं लिवत न्हाई. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद करून ऐकलं, एवढं सांगते.

वाजिदला फोन केला. तो म्हणला, "तुटलं ना? तासाभराचं काम हाय. येतो, जोडतो, खड्डा जरा बाजूला सरकवाय सांगा." तो आला बी मशीन घिऊन. पण सूरज आडवा. "हात लावायचा न्हाई. खड्डा पुजलाय."

खरंच, भटजी येऊन हळदीकुंकू वाहून गेलेले. तारेच्या टोकांवर सुदिक कुंकू पडलेलं. "एकदा पूजा झाली की मुहूर्तापर्यंत खड्ड्यात कुणी उतरायचं न्हाई," सूरज म्हणला. "अपशकून हुतो."

"अरं, माझी परीक्षा हाय सोमवारी दहाला!"

"वहिनी, मुहूर्त सव्वाअकराचा. सव्वा तासानं काय फरक पडतुया?"

वाजिद मशीन घिऊन परत गेला. मी सरपंचांच्या घरी गेले. दगडाबाई म्हणल्या, "मला काय इचारतीस बाई, सूरजला इचार." मग सूरजपुढं पोरांचं नाव काढलं. पोरांचे अभ्यास हायत, दहावीची परीक्षा तोंडावर आलीया. सूरज म्हणला, "आमी काय नेटवर शिकलो व्हय?" ते तर दिसतच हुतं.

शेवटी अडला हरी. गेले विश्वजितकडं. तो दारातच हसत हुबा. तार कापल्याची बातमी त्याला माझ्या आधी कळलेली. म्हणला, "तातडीचा दर दुप्पट पडंल वहिनी." म्हणलं, "दे बाबा." त्यानं जुनी तार परत जोडली. शनिवारी सकाळी कंपनीच्या पोरीनं लाइन तपासली. सिमरन तिचं नाव, बोलायला गोड. म्हणली, "मॅडम, ह्या स्पीडवर आमची परीक्षा उघडणारच नाही. सोमवारपर्यंत सुधारलं तर बघा." विश्वजितला सांगितलं तर म्हणतो, "दर तातडीचा हाय वहिनी, तार तीच हाय."

मी घरात आले. राग तर हुताच, पण त्याहून जास्त लाज वाटली. एवढ्या मोठ्या गावात एका बाईनं दोन टोकं जोडून मागितली, हात-दीड हाताचं अंतर, आन् कुणी हलंना. आत्ती खाटेवरनं म्हणल्या, "खड्डा पुजलाय व्हय? मग मलाबी त्यातच ठेव जा. मंजे तू साताऱ्याला जायला मोकळी."

म्हणलं, "आत्ती, गप बसा."

"मी कशापाय गप बसू? तू गप बसलीस म्हणून ह्यो दिस आला. गावातल्यांना काय सांगत बसलीस? उंटावर बसून शेळ्या हाकतोय तो कोइमतूरात. त्याला सांग."

"काय सांगू? माझी नोकरी जातीया म्हणून?"

"तुझी नोकरी गेली तर त्याचं काय जातंय? त्याचं जे जातंय ते सांग."

म्हातारीनं अर्ध्या जिभेनं जे सांगितलं ते मला बी.कॉम. होऊन सुचलं न्हवतं. आवाज तुटू नये म्हणून टाकीवर चढून वीरधवलभाऊजींना फोन लावला. रडले न्हाई, नोकरीचा न चाचणीचा उल्लेख केला न्हाई. आवाज अगदी काळजीचा काढला.

"भाऊजी, तुमी सोमवारी दुकान बंद ठेवून समदी मंडळी बोलवलीत असं ऐकलं?"

"व्हय वहिनी! मोठा पडदा लावलाय. हितले आपले चाळीस-पन्नास जण येणार हायत. नावांचं वाचन हाय ना लाइव्ह."

"ते काय हुणार न्हाई बघा, भाऊजी."

"म्हंजे?"

"तारच तोडलीया सूरजनं. खड्ड्यात पडलीया. तुमच्या मोठ्या पडद्यावर नुसतं गोल फिरंल. मला वाटलं, तुमाला आधी सांगावं. मंडळी जमायच्या आत."

तिकडं कायतरी पडल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

मग जे झालं ते बघण्यासारखं हुतं. सूरजचा फोन खिशाबाहेरच राहिला. कोइमतूर ठेवतंय तवर कोचीन, कोचीन ठेवतंय तवर सुरत. ज्यांनी संक्रांतीपर्यंत एकमेकांचं तोंड बघितलं न्हवतं ते एका दिवसात एक झाले. अंधार पडायच्या आत भटजींनी पंचांग परत उघडलं. त्यात असं निघालं की खड्ड्याला मुहूर्त सोमवारचा, पण तारेला रविवारचा लय चांगला हाय. आन् खड्डा चार हात सरकवला तर अपशकून न्हाई, उलट वास्तूला बरं. रविवारी वाजिद आला. सूरजनं स्वतः खड्ड्यात उतरून त्याला हात दिला आन् वर डोक्यावर छत्री धरली. माझ्याकडं बघून म्हणला, "वहिनी, तुमचं बी काम झालं की."

म्हणलं, "व्हय बाबा. तुझे उपकार."

सोमवारी मी दहाच्या आधीच बसले. आत्तींना खायला घालून, दार लावून, लॅपटॉपला मनातनं हात जोडून. परीक्षा उघडली. बिलामागनं बिल येत हुतं, मी तपासत हुते, लाइन एकदा बी अडखळली न्हाई. शेवटी सिमरननं तोंडी प्रश्न इचारायला घेतले, तवा बाहेर कर्णा सुरू झाला. मुहूर्ताला अवकाश हुता, म्हणून सूरज नावं वाचायचा सराव करत हुता.

सिमरन म्हणली, "मॅडम, मागे कसला आवाज आहे? काही कार्यक्रम आहे का?"

"आमच्याकडं नेट आलंय ना," म्हणलं, "त्याची आरती चाललीया."

ती हसली आन् मला कामावर घेतलं. आत्तींना सांगितलं तर त्यांनी चांगल्या हातानं माझ्या पाठीत एक धपका घातला. तसा धपका मला माझ्या आईनं बी कधी घातला न्हाई. मी तिथंच खाटेवर डोकं टेकून पोटभर रडून घेतलं. बाहेर कोइमतूरचं नाव कोचीनच्या आधी वाचलं म्हणून भांडण लागलेलं, ते मला गोड वाटलं.

आता विश्वजितनं दर पाडलेत. गावात कुणाच्या तारेला उंदीर लागत न्हाईत, कारण वाजिदची तार कमानीला खेटूनच जाती, तिला हात लावायचा तर कमानीला हात लावावा लागंल, आन् कमानीला हात लावायची छाती कुणाचीच न्हाई. पोरं शिकत्यात, बायका डॉक्टरला इचारत्यात. स्वस्त नेट आलं बाबा गावात. कशानं आलं, तर बारा-चौदा माणसांना आपली नावं लांबनं बघायची हौस म्हणून. पोरांच्या अभ्यासासाठी आलं असतं तर मी दोन नारळ जास्त फोडले असते.

कमान पाडव्याच्या आधी उठली. देणगीदारांनी तिच्यासमोर, आमच्या भिंतीवर, एक कॅमेरा बसवून घेतला. चोवीस तास चालू. तिकडं परमुलखात दुकानात बसून फोन काढायचा आन् आपलं नाव बघायचं. मी खिडकीत कामाला बसती, तवा मला हसू यायचं. संगमरवर कुठं पळून जातोय व्हय?

पयला महिना समदे नावं बघत हुते. मग एक दिवस वीरधवलभाऊजींचा फोन. "वहिनी, कॅमेरा जरा खाली वळवाय जमंल का?"

"खाली वळवला तर नावं दिसायची न्हाईत, भाऊजी."

"असू द्या. रस्ता दिसंल एवढा वळवा."

वळवला. कारण त्यांनी सांगितलं न्हाई, पण मला दोन दिवसांत कळलं. त्यांची आई लीलाबाई रोज सकाळी डेअरीला दूध घिऊन त्या कमानीखालनं जात्यात. वरल्या आळीला घरात एकट्या असत्यात. मग कोचीनवाल्याचा फोन आला, त्याची आई कवा जाती इचारायला. सुरतवाल्याचा आला.

लीलाबाईंना कुणीतरी सांगितलं, की तू वीरधवलला रोज दिसतीस. तवापासनं बाई धुतलेलं लुगडं नेसून येत्यात, किटली खाली ठेवत्यात, कॅमेऱ्याकडं तोंड करून हुब्या राहत्यात आन् बोलत्यात. कॅमेऱ्याला आवाज न्हाई. आवाजाचा कॅमेरा महाग पडतो म्हणून सूरजनं मुकाच बसवलाय. हे त्यांना कुणी सांगितलं न्हाई, आन् माझी बी हिंमत झाली न्हाई.

परवा सकाळी मी कामाला बसले हुते, तवर भाऊजींचा नेटवरनं फोन.

"वहिनी, जरा दारात जाता का? आई कमानीखाली हुबी हाय. रोज तोंड हलताना दिसतं, ऐकू काय येत न्हाई. काय म्हणतीया एवढं?"

मी फोन घिऊन दारात गेले. लीलाबाई वर बघून बोलत हुत्या, हात नाचवून, अगदी समोर माणूस हुबा असल्यागत. मी समदं ऐकलं. त्यांनी किटली उचलली आन् गेल्या.

"सांगू का, भाऊजी?"

"सांगा की."

"त्या म्हणत्यात, नाव दिसलं रं बाबा, रोजच दिसतं. तोंड कवा दाखवतूस?"

तिकडनं काय आवाजच आला न्हाई. मला वाटलं, लाइन गेली. आत येऊन बघितलं तर नेट झकास चालू हुतं.